धाकटा झुंजत नाही

३ नोव्हेंबर

पोचले. शेवटचे दोन तास जीप अशी आपटत आली की उतरल्यावर पाठीचे मणके मोजून घ्यावेसे वाटले. खोली बरी आहे. एक खाट, एक टेबल, जाळीची खिडकी आणि औषधांचं कपाट. कपाटाला कुलूप आहे, किल्ली नाही. खिडकीतून थेट हत्ती दिसतात. दोन हत्तिणी, एक म्हातारा नर आणि चौथा तो, ज्याच्यासाठी मला एवढ्या घाईने बोलावलं.

त्याचं नाव धाकटा. चार वर्षांचा असताना इथे आला, तेव्हा सगळ्यांत लहान होता म्हणून धाकटा. आता तीस वर्षांचा आहे. खांद्यापर्यंत दहा फूट, सुळे माझ्या उंचीएवढे, आणि नाव अजून तेच. मी त्याच्यासमोर उभी राहिले. डोंगर पाहताना वाटतं तसं वाटलं, फक्त हा डोंगर माझ्याकडे बघत होता.

बारा वर्षं शहरात जनावरांची डॉक्टर म्हणून लाडावलेल्या मांजरांची नखं कापली. हत्तीला याआधी दोनदा हात लावलाय आणि दोन्ही वेळा शेजारी मोठे डॉक्टर होते. हे इथे कुणाला सांगितलेलं नाही, वहीला सांगते. निघताना ताई म्हणाली, "मांजर चावलं तर दोन दिवस रडतेस. हत्तीने पाय दिला तर रडायलाही उरणार नाहीस." ताईचं धीर देणं हे असं असतं.

काम असं आहे. जंगलातला एक रानटी नर गेले दोन महिने शेतांत उतरतोय. एक सुळा मुळापाशी मोडलाय, म्हणून लोक त्याला तुटक्या म्हणतात. आठवड्यापूर्वी त्याने केळीच्या बागेतल्या राखणदाराला मारलं. साहेब, म्हणजे या छावणीचे प्रमुख, म्हणाले, "धाकट्याला त्याच्यावर सोडायचं. एकदा चांगला तुडवला की तुटक्या परत फिरकणार नाही. या महिन्याच्या आत हे झालं नाही तर गोळी घालायचा हुकूम आहे." माझं काम धाकट्याला झुंजीसाठी धडधाकट ठेवायचं.

म्हणजे धाकट्याने बदडलं तर तुटक्या वाचणार. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

४ नोव्हेंबर

धाकट्याची तपासणी केली. ठोके मिनिटाला अठ्ठावीस, माझे त्याच वेळी एकशेदहा असावेत. तोंड, दात, पाय, नखं, सगळं उत्तम. त्याचा माहूत साठीचा, बारीक, कमी बोलणारा. सगळे त्याला काका म्हणतात, मीही म्हणायला लागले. मी काठी हातात धरून डाव्या बाजूने जात होते, पुस्तकात लिहिलंय तसं. काका म्हणाले, "बाई, काठी ठेवा. त्याला वाटतंय तुमचा पाय दुखतोय."

७ नोव्हेंबर

आज सराव. म्हातारा नर, त्याचं नाव हवालदार, तरुणपणी अशा सात झुंजी जिंकलेला. त्याला धाकट्यासमोर उभं केलं. साहेब खुर्ची टाकून बसले, जीपचा ड्रायव्हर टपावर चढला. हवालदाराने डोकं खाली घालून धडक दिली. धाकट्याने ती घेतली, एक पाऊल मागे सरला आणि सोंडेने हवालदाराच्या कानामागची माती झाडली. पुन्हा धडक. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी हवालदारच दमला आणि धाकट्याला टेकून उभा राहिला.

ड्रायव्हर इतका हसला की टपावरून घसरला. साहेब हसले नाहीत. "घरातल्यांशी गोड वागतोय," म्हणाले, "बाहेरच्याशी बघू."

हत्तींचा खुराक एक बाई शिजवते. सगळे तिला वहिनी म्हणतात. दोन मोठ्या काहिलींत धान्य शिजवून, मळून, नारळाएवढे गोळे करून प्रत्येकाला स्वतःच्या हाताने भरवते. आज संध्याकाळी मला कळलं की मेलेला राखणदार हिचा नवरा. नवव्या दिवशी ती कामावर आली. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "बोलू नका काही. फक्त ह्याला खाऊपिऊ घालून तयार करा." आणि धाकट्याच्या तोंडात गोळा ठेवला.

९ नोव्हेंबर

काकांबरोबर केळीच्या बागेत गेले. तुटक्याने जिथे धुमाकूळ घातला ती जागा बघायची होती. एवढी पावलं मी फक्त चित्रांत पाहिली होती. एका पावलात माझे दोन्ही बूट मावले, वर जागा उरली.

बागवाल्याने तक्रारींची यादीच वाचली. तुटक्या फक्त पिकलेली केळी आणि कोवळे गाभे खातो. शेजारी दोन एकर ऊस उभा आहे, त्याला तोंड लावत नाही. दोन कांड्या चावून थुंकलेल्या दाखवल्या. "नखरेल आहे," बागवाला म्हणाला, "बिनदातांच्या सासऱ्यासारखं सगळं मऊ पाहिजे." काका त्या कांड्यांकडे बराच वेळ बघत बसले. शेणही पाहिलं. लांब लांब धागे, न चावलेले. वयस्कर असणार, दाढा झिजल्या असतील. तसं टिपून ठेवलं. म्हाताऱ्याशी झुंज म्हणजे धाकट्याला सोपं जाईल.

झोपडीच्या मोडलेल्या खांबावर काहीतरी वाळलेलं, पिवळट चिकटलेलं होतं आणि घाण वास येत होता. सडकी केळी, दुसरं काय.

१२ नोव्हेंबर

आज पहाटे बातमी आली की तुटक्या नदीकाठच्या शेतात आहे. उजाडता उजाडता पोचलो. पुढे धाकटा, मानेवर काका. मागे आम्ही जीपमध्ये.

धुकं विरलं आणि तो दिसला. धाकट्यापेक्षा थोडा बुटका, पण रुंद, चिखलाने लाल झालेला. त्याने कान पसरले आणि जो आवाज काढला तो कानांनी नाही, छातीने ऐकला. मला वाटलं, आता होणार. काकांनी धाकट्याला पुढे घातलं. तो गेला. पन्नास पावलांवर थांबला. काकांनी पायाने इशारा केला, मग ओरडले. धाकटा हलला नाही. नुसती सोंड वर करून तुटक्याच्या दिशेने वास घेत राहिला. भित्रा विद्यार्थी पेपर हातात आल्यावर पेन्सिलीला टोक काढत बसतो ना, तसा वेळ काढत होता.

वीस मिनिटं. मी घड्याळ बघितलं. दोन एवढे प्राणी समोरासमोर उभे आणि सगळ्या शेतात एक पाखरूही ओरडत नव्हतं. मग तुटक्या वळला, वाटेतली पाण्याची टाकी डोक्याने फोडली आणि झाडीत गेला.

साहेब जीपमधून उतरलेही नाहीत. "पाच टन शेळी," एवढंच म्हणाले.

परत आल्यावर वहिनीने धाकट्याचे गोळे जमिनीवर ठेवले आणि मागे न बघता निघून गेली. तो सोंड पुढे करून तसाच उभा होता, तोंड उघडून. थोड्या वेळाने त्याने तोंड मिटलं. मला ते बघवलं नाही.

१३ नोव्हेंबर

साहेबांनी कागद पुढे सरकवला. चार दिवस अर्धा खुराक, दिवसभर चारही पायांना साखळी, हत्तिणींपासून दूर. "चिडेल तेव्हाच लढेल. जुने लोक असंच करत."

मी म्हणाले, याने प्रकृती बिघडू शकते. ते म्हणाले, "बाई, एक माणूस मेलाय. दुसरा मेला तर त्याच्या घरी तुम्ही जाणार की मी?" त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. वाईट माणूस असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

सही केली. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मी नाही म्हणाले होते असं स्वतःला सांगता येणार नाही.

१५ नोव्हेंबर

ठोके चौतीस. काका माझ्याशी बोलत नाहीत. धाकटा चिडलेला नाही. मी ठोके मोजत असताना साखळीचा आवाज होऊ नये म्हणून तो पाय उचलत नव्हता असं मला वाटलं. प्राण्यांना माणसांचे गुण चिकटवू नयेत, हे मीच मांजरवाल्या बायकांना सांगायचे.

१६ नोव्हेंबर

सकाळी जाऊन साखळ्या काढायला लावल्या. साहेबांना सांगितलं, माझी सही मी मागे घेतेय, हवं तर मलाही मागे पाठवा. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तसाही चिडला नाही तो. नेमबाजाला बोलावलंय. एकवीस तारखेला येतोय. त्याच्यासमोर धाकट्याला एक शेवटची संधी. नंतर माझ्या हातात काही नाही."

काकांना गाठलं. ते नदीवर धाकट्याचे पाय घासत होते. मी सरळ विचारलं, "काका, तुम्हीच त्याला लढू नको म्हणून शिकवलंय का? खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

ते पाण्यात सरळ उभे राहिले. "सव्वीस वर्षं शिकवतोय," म्हणाले. "धडक कशी द्यायची, सुळा कुठे लावायचा, पळणाऱ्याच्या मागे किती जायचं. हवालदाराला मीच तयार केलं ना. ह्याला सगळं कळतं. झाड पाड म्हटलं तर पाडतो. लाकडाचा पुतळा केला होता, त्याला असा उडवला की परत सापडला नाही. पण समोर जीव असला की करत नाही."

"का?"

"मला कळलं असतं तर मी माहूत कशाला राहिलो असतो," काका म्हणाले आणि पुन्हा पाय घासायला लागले. जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हा लहान असताना मला राग यायचा. लोक हसायचे. आता येत नाही. आता मी बघत असतो."

१८ नोव्हेंबर

ताईचा फोन. परत ये म्हणाली. येईन म्हणाले. नंतर लक्षात आलं की कधी, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर

सगळं लिहिते, क्रमाने, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

नेमबाज सकाळी आला. चाळिशीचा, सभ्य, शाळेतल्या शिक्षकासारखा. बंदूक पुसून जीपच्या बॉनेटवर टेकवली आणि म्हणाला, "मला बोलावतात तेव्हा कुणालाच आनंद होत नाही, मलाही नाही." वहिनीही आली होती. कुणी बोलावलं नव्हतं. जीपच्या मागच्या बाकावर येऊन बसली आणि उतर म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

तुटक्या केळीच्या बागेच्या कडेला, उघड्यावर होता. सात वाजले होते, ऊन तिरपं पडलं होतं. त्याने आम्हाला आधीच ओळखलं होतं. डोकं एका बाजूला कलतं धरून उभा होता.

काकांनी धाकट्याला पुढे घातलं. या वेळी तो पन्नास पावलांवर थांबला नाही. चाळीस. तीस. साहेब पुटपुटले, "चल, चल." वीस पावलांवर काकांनी धडक द्यायचा हुकूम ओरडून दिला. तो शब्द मी सरावात ऐकला होता. तीनदा ओरडले. धाकटा धावला नाही. चालतच राहिला, बाजारात ओळखीचं कुणी दिसल्यावर माणूस जातो तसा, सावकाश, सरळ.

तुटक्याने हल्ला केला. सगळं दोन श्वासांत झालं. धाड असा आवाज आला, धाकटा अंगभर हादरला, काका मानेवरून अर्धे लटकले आणि पुन्हा वर चढले. उजव्या खांद्यावर लांब लाल रेघ उमटली. ती रुंद होत गेली. धाकट्याचे सुळे त्या क्षणी तुटक्याच्या गळ्यापासून हातभर अंतरावर होते. गळा उघडा होता. मला शरीर कळतं, कुठे लागलं तर काय होतं ते कळतं. नुसती मान वर केली असती तरी पुरे होतं.

त्याने मान वर केली नाही. सुळे बाजूला वळवले. मी दुर्बिणीतून बघत होते, मुद्दाम वळवले. जमिनीवर रुतून उभा राहिला आणि सोंड पुढे केली.

तुटक्याने ती झटकली. त्याने पुन्हा केली. पुन्हा झटकली. नेमबाजाने बंदूक खांद्याला लावली होती. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं, आणि तो हात तसाच हवेत विसरले. तिसऱ्यांदा धाकट्याने सोंडेचं टोक तुटक्याच्या गालावर ठेवलं. मोडक्या सुळ्याच्या मुळाशी. अगदी हलकं. मी जखमेच्या कडा बोटाने चाचपते तसं.

तुटक्या थरारला. मग तो एवढा मोठा जीव, ज्याने माणूस मारला, टाकी फोडली, त्याने डोकं खाली केलं आणि गाल त्या सोंडेवर टाकला. आणि सुळ्याच्या भोकातून घट्ट, पिवळं काहीतरी ठिबकायला लागलं.

वारा आमच्याकडे होता. वास आला. झोपडीच्या खांबावरचाच वास.

मी जीपमध्ये खाली बसले. थुंकलेला ऊस, शेणातले धागे, मऊ केळी, कलतं डोकं. मी म्हातारा म्हणून टिपून ठेवलं होतं. त्याच्या जबड्यात महिनोन् महिने पू साठलाय. मी शिकलेली डॉक्टर, आणि निदान केलं धाकट्याने, बारा तारखेलाच, पन्नास पावलांवरून, नाकाने. तेव्हा मी लिहिलं होतं की तो वेळ काढतोय.

त्यांना तसेच सोडून आम्ही मागे आलो. दहा मिनिटांनी धाकटा काकांना घेऊन परतला. खांद्याची जखम अठरा इंच, खोल नाही. मी टाके घालत असताना त्याने एकदाही अंग काढून घेतलं नाही.

२२ नोव्हेंबर

साहेबांशी तीन तास बोलले. भुलीचं औषध बंदुकीतून मारायचं, अर्धगुंगीत उभा ठेवायचा, सुळ्याचं मूळ साफ करायचं, औषध भरायचं, उतारा देऊन जागा करायचा. पूर्ण झोपवून चालणार नाही. एवढा प्राणी छातीवर पडला तर स्वतःच्याच वजनाने गुदमरतो.

"मग पडायचा कसा थांबणार? दोऱ्या बांधणार?"

"धाकटा टेकू देईल."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, हे आधी केलंय तुम्ही?"

नाही म्हणाले. मांजरांचं सांगितलं. हत्तीला दोनदाच हात लावल्याचंही सांगितलं. ते पहिल्यांदा हसले. "खोटं बोलला असतात तर नाही म्हणणार होतो. मुदत तीसपर्यंत आहे. करा."

बाहेर वहिनी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. "त्याला दुखत होतं म्हणे," ती म्हणाली. "असेल. माझ्या माणसालाही दुखलंच असेल की."

तिने उत्तर मागितलं नव्हतं. "परवा किती पाणी उकळून लागेल ते सांगा," म्हणाली, "मोठी काहील माझ्याकडेच आहे."

२४ नोव्हेंबर

झालं.

नेमबाजाने भुलीची सुई बरोबर मांडीत मारली. बाराव्या मिनिटाला तुटक्याची सोंड लोंबली, डोळे अर्धे मिटले. काकांनी धाकट्याला त्याच्या अंगाला भिडवलं. तुटक्याचा तोल ज्या बाजूला जात होता ती धाकट्याची उजवी बाजू, नेमकी टाक्यांची. दुसरीकडून उतार होता, धाकट्याला वळवायला जागा नव्हती. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, टाके तुटतील. काका म्हणाले, "त्याला विचारू." आणि मानेवर हात ठेवून काही बोलले. धाकटा जखमेच्या बाजूने टेकला.

मी तुटक्याच्या तोंडाखाली उभी राहिले. डोक्यावर त्याचा श्वास, गरम आणि सडका. सुळ्याच्या आत सागाच्या लाकडाची बोटभर जाड ढलपी अडकली होती, तिच्याभोवती सगळं कुजलेलं. ती ओढून काढली तेव्हा बादलीभर घाण माझ्या कोपरांवरून वाहिली. उकळलेल्या पाण्याचे हंडे येत होते, एक संपला की दुसरा. कोण आणतंय ते मी पाहिलं नाही. हंडा ठेवणाऱ्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या नव्हत्या, नुसते गोरे वळ होते, त्यावरून कळलं.

बेचाळीस मिनिटं. बेचाळीस मिनिटं धाकट्याने दुसऱ्याचा चार टनांचा भार फाटलेल्या खांद्यावर धरला. टाक्यांतून रक्त येऊन पायाच्या नखांपर्यंत पोचलं. मधे एकदा मी वर पाहिलं. तो माझ्या हातांकडे बघत होता.

उतारा कानामागच्या शिरेत द्यायचा होता. दिला. पुस्तकात तीन मिनिटं लिहिली होती, तुटक्या एका मिनिटात जागा झाला. मी अजून त्याच्या पुढच्या पायांशी, हातात रिकामी सुई. सगळे लांब, साहेब लांब, नेमबाजाकडे आता दुसरी, गोळ्यांची बंदूक. तुटक्याचा डोळा उघडला आणि त्यात मी दिसले. पळायला हवं होतं. पाय निघेना.

धाकटा पुढे सरकला. घाईने नाही. त्याने सोंडेने मला कमरेपाशी हलकेच मागे सारलं, दारातल्या लहान मुलाला बाजूला करतात तसं, आणि मधे उभा राहिला. त्याच्या चार पायांमधून मला पलीकडचे चार पाय दिसत होते. ते स्तब्ध होते. मग एक उचलला गेला. आणि ते आठही पाय माझ्यासमोर असताना मला कुठलाही आवाज आला नाही. एवढं वजन आणि आवाज नाही.

तुटक्याने सोंड धाकट्याच्या तोंडात घातली, क्षणभर ठेवली, काढली. आणि वळून झाडीत गेला. फांद्याही मोडल्या नाहीत त्याने.

नेमबाजाने गोळ्या काढून खिशात टाकल्या. साहेब गवतात बसले होते, इस्त्रीच्या पँटीसकट.

२७ नोव्हेंबर

तुटक्या तीन दिवस शेतात आला नाही. काल पहारेकऱ्यांनी त्याला वरच्या जंगलात पाहिलं, झाडाची साल सोलून चावत होता. डोकं सरळ. साहेबांनी वर कळवलं, हुकूम तात्पुरता थांबवलाय. तात्पुरता हा शब्द त्यांनी मला दोनदा वाचून दाखवला. पुन्हा काही झालं तर झालं. होणारच नाही असं कुणी खात्रीने सांगू शकत नाही आणि मीही सांगितलं नाही.

वहिनी आज धाकट्याला हाताने भरवत होती. मी लांबच थांबले. ती भरवताना रडत होती आणि एकही गोळा चुकवत नव्हती. रडणं संपलं तेव्हा गोळेही संपले होते. मग तिने पदराने आधी त्याचं तोंड पुसलं, नंतर स्वतःचं.

ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ती चक्क ऐकत राहिली. मी म्हणाले, "ताई, त्याला भीती ठाऊकच नाही. आपल्यासारखं काही नाहीच त्याच्यात. भीती नसली की राग येत नाही, आणि राग नसला की मारावं लागत नाही." फोनवर बोलताना मला ते फार खरं वाटलं.

३० नोव्हेंबर

दुपारी नदीवर जखम धुतली. कडा भरून येताहेत. धाकटा कुशीवर पाण्यात पडला होता, मी त्याच्या पोटाला टेकून बसले होते आणि काका विटेच्या तुकड्याने त्याची पाठ घासत होते. अठ्ठावीस ठोके. कान लावला की पाण्यातूनही ऐकू येतात.

काकांना म्हणाले, "मला याचं काय नवल वाटतं सांगू? त्या दिवशी तुटक्या अंगावर आला तेव्हा हा जरासुद्धा घाबरला नाही."

काकांचा हात थांबला. "कोण म्हणालं घाबरला नाही?"

"मी दुर्बिणीतून बघत होते की. शांत चालत गेला."

"तुम्ही दुर्बिणीतून बघत होता," काका म्हणाले. "मी मानेवर होतो." त्यांनी लुंगी गुडघ्यांवर सरकवली आणि मांड्यांची आतली बाजू दाखवली. दोन्हीकडे कातडी सोलवटून खपल्या धरल्या होत्या. मला वाटायचं हे दोराने झालंय. "थरथरत होता. पहिल्या पावलापासून. मला धरून बसता येईना, इतका. सव्वीस वर्षांत त्याला असा कधी पाहिला नाही. मीही घाबरलो. म्हणून तर ओरडलो, मार म्हणून. तीनदा ओरडलो. वाटलं, एवढा भ्यालाय तर आता तरी मारेल."

धाकट्याने पाण्यातून सोंड वर काढली, श्वास सोडला, पुन्हा बुडवली.

"चोवीस तारखेलाही थरथरत होता?" मी विचारलं. "माझ्यामध्ये आणि त्याच्यामध्ये उभा होता तेव्हा?"

"तेव्हा जास्त," काका म्हणाले.

मी उठून पुढे गेले आणि त्याच्या डोळ्यापाशी बसले. तो माझ्याकडे बघत होता, पापण्यांवर पाणी. मी हात त्याच्या गालावर ठेवला आणि किती वेळ ठेवला ते आठवत नाही. ऊन उतरल्यावर काकांनी हाक मारली.

ताईला फोन करून सांगायला हवं, मी चुकीचं सांगितलं होतं.